पाकिटावरचे तीन शब्द

अ‍ॅमस्टरडॅममध्ये फुलांच्या कंदांच्या बाजारातून फिरताना ट्यूलिपच्या शेजारीच गांजाच्या बियांची छोटी पाकिटं टांगलेली दिसतात. पर्यटक ती उचलतात, हसतात, बहुतेक जण परत ठेवतात. अशा पाकिटांवर हमखास सापडणारं वर्णन साधारण असं असतं : सॅटिव्हा-प्रधान, आटोपशीर बांधा, थंड हवामानाला योग्य.

आपल्याकडे फवाऱ्याच्या औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसं हे वाचून आपण पुढे जातो. पण ज्याला वनस्पतींचा थोडा इतिहास माहीत आहे, तो इथे अडखळेल. कारण हे तीन शब्द एकमेकांशी भांडणारे आहेत. बाजार ज्याला सॅटिव्हा म्हणतो ते झाड मुळात उष्ण प्रदेशातलं. ते आटोपशीर नसतं, उंच आणि सुटसुटीत वाढतं. आणि थंड देशात ते फुलायला लागेपर्यंत हिवाळा दारात उभा असतो. मग हे तिन्ही गुण एका बीत आले कसे? आणि येताना वाटेत कोण कोण गळालं?

(गांजाची लागवड भारतात गुन्हा आहे, आणि हा लेख लागवडीची पुस्तिका नाही. ही एका बियाण्याची गोष्ट आहे. बियाण्यांच्या गोष्टी आपल्याला नवीन नाहीत.)

थंड

सगळ्यात आधी थंडीचा गैरसमज दूर करू. या झाडाची उत्तरेतली मुख्य अडचण थंडी नाही. हिमालयात कुलूच्या खोऱ्यात ते पिढ्यान्‌पिढ्या उगवतं, आणि युरोपात दोराचं तागासारखं धागा देणारं भाऊबंद, म्हणजे हेम्प, तर रशियापर्यंत पिकत आलं आहे. खरी अडचण आहे ती घड्याळाची.

१९१२ च्या सुमारास पॅरिसमध्ये ज्युलियन तुर्न्वा नावाचा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ दोन झाडांवर काम करत होता : जपानी हॉप आणि गांजाचं कुळ असलेलं हेम्प. काचघरात हिवाळ्याअखेर पेरलेली ही रोपं वीतभर व्हायच्या आतच फुलायला लागली होती. उन्हाळ्यात तीच रोपं माणसापेक्षा उंच होईपर्यंत फुलायचं नाव घेत नसत. तुर्न्वाने तापमान तपासलं, ओलावा तपासला, आणि शेवटी उजेडाशी येऊन थांबला. रोपांना दिवसाचे मोजकेच तास उजेड दिला की ती लवकर फुलत. १९१४ मध्ये त्याने आणखी नेमकं लिहिलं : दिवस लहान होण्यापेक्षा रात्र मोठी होणं हे कारण असावं. त्यानंतर महायुद्ध सुरू झालं. तुर्न्वा आघाडीवर गेला आणि मारला गेला. त्याचं काम तिथेच थांबलं.

१९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोघांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून हाच नियम पक्का मांडला आणि त्याला नाव दिलं. पाठ्यपुस्तकात नाव त्यांचंच येतं. रात्रीची लांबी हीच खरी किल्ली आहे हे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांच्या प्रयोगांतून सिद्ध झालं. म्हणजे चोवीस वर्षांपूर्वी एका माणसाने हेम्पच्या रोपांकडे बघून जे ताडलं होतं, ते बरोबर होतं.

आता हे घड्याळ नकाशावर ठेवून बघा. आपल्या अहिल्यानगरात वर्षातला सगळ्यात मोठा दिवस असतो साधारण सव्वातेरा तासांचा आणि सगळ्यात लहान अकरा तासांचा. फरक जेमतेम सव्वादोन तास. इथल्या झाडाला ऋतू ओळखायचा तर इतक्या बारीक फरकावरून ओळखावा लागतो. अ‍ॅमस्टरडॅममध्ये जूनमधला दिवस पावणेसतरा तासांचा आणि डिसेंबरातला पावणेआठचा. आपल्याकडचं झाड तिथे लावलं तर त्याला वाटतं, अजून भर उन्हाळा आहे. ते वाढतच राहतं. बारा-साडेबारा तासांचा दिवस तिथे येतो सप्टेंबरच्या उत्तरार्धात. तेव्हा कुठे ते फुलायला घेतं, आणि फुलं पक्व व्हायला पुढे तीन महिने मागतं. म्हणजे हिशेब नाताळापर्यंत जातो. तोवर हॉलंडमध्ये पाऊस, धुकं आणि दहिवराने झाडाची माती झालेली असते.

हे सगळं परकं वाटत असेल तर घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला खरिपाच्या गावरान ज्वारीबद्दल विचारा. ती जूनमध्ये पेरा की जुलैमध्ये, कणसं बाहेर पडायची ती पाऊस ओसरण्याच्या सुमारालाच. कारण ज्वारीही दिवसाची लांबी मोजते. शेकडो वर्षं शेतकऱ्यांनी त्या त्या गावच्या पावसाला जुळणारी कणसं बियाण्यासाठी मागे ठेवली, आणि गावाचं हवामान बियाण्यात मुरत गेलं. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. बुटकं, लवकर येणारं, भरघोस. पण लवकर आल्यामुळे दाणा भरायचा तो पाऊस चालू असतानाच, आणि ‘हायब्रीड काळी पडली’ ही तक्रार घरोघरी ऐकू यायला लागली. कडबाही कमी. गावरान ज्वारीचं उशिरा येणं हा आळस नव्हता, बुरशी टाळण्याची ती रीत होती.

गांजाच्या झाडाचं उशिरा फुलणंही असंच. ते दोष म्हणून नोंदलं गेलं, कारण ते चुकीच्या अक्षांशावरून मोजलं जात होतं.

सॅटिव्हा

दुसरा शब्द. ‘सॅटिव्हा’चा लॅटिनमधला अर्थ एवढाच : पेरलेलं, लागवडीचं. लिनियसने १७५३ मध्ये युरोपात धाग्यासाठी पेरल्या जाणाऱ्या हेम्पला ‘कॅनाबिस सॅटिव्हा’ म्हटलं. त्याच्यासमोर होतं ते उत्तरेचं दोरखंडाचं झाड, नशेचं नव्हे.

१७८५ मध्ये फ्रान्सच्या लामार्ककडे भारतातून आलेले नमुने होते. पिएर सॉनरा नावाच्या प्रवाशाने ते पाठवले होते. लामार्कला हे झाड वेगळं दिसलं : बुटकं, फांद्या जास्त, खोड टणक, साल पातळ म्हणून धाग्याच्या कामाचं नाही, आणि वास व गुण डोक्याला चढणारे. त्याने त्याला नाव दिलं ‘कॅनाबिस इंडिका’. सरळ हिशेब होता. भारतातलं ते इंडिका.

मग आज बाजारात दक्षिण भारतातल्या, थायलंडमधल्या, कोलंबियातल्या झाडाला सॅटिव्हा का म्हणतात? ही अदलाबदल झाली १९७० च्या दशकात. हार्वर्डचे रिचर्ड इव्हान्स शुल्टेस अफगाणिस्तानात गेले. तिथे त्यांना रुंद पानांचं, शंकूसारखं गच्च बांध्याचं झाड शेतात दिसलं. १९७४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुळात एकापेक्षा जास्त जाती आहेत अशी मांडणी केली, आणि अफगाणी झाडाला लामार्कचं ‘इंडिका’ हे नाव लावलं. अंमली पदार्थांच्या खटल्यांत तेव्हा या वादाला वजन होतं, कारण अमेरिकेचा कायदा फक्त ‘सॅटिव्हा’ हे नाव घेत होता, आणि वकील म्हणत होते, आमच्या अशिलाकडचं झाड इंडिका आहे! १९७६ मध्ये स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट यांनी उलट मांडणी केली : जात एकच, पोटभेद दोन. त्यांनी नशेचं आणि बिननशेचं झाड वेगळं करायला टीएचसी ०.३ टक्के ही रेघ ओढली. वर्गीकरणाच्या सोयीसाठी ओढलेली ती रेघ आज अमेरिकेपासून उत्तराखंडापर्यंत कायद्यात बसली आहे.

वनस्पतिशास्त्रातली ही भांडणं बियाण्यांच्या बाजाराने आपल्या सोयीने सोडवली. रुंद पानाचं बुटकं ते इंडिका, अरुंद पानाचं उंच ते सॅटिव्हा. म्हणजे लामार्कने भारतावरून ज्याचं नाव ठेवलं, ते भारतीय झाड आता ‘इंडिका’ उरलं नाही. भारताचं नाव अफगाणी झाडाला गेलं आणि भारतीय झाडाच्या वाट्याला युरोपातल्या दोराच्या झाडाचं नाव आलं. रेशनकार्डावर शेजाऱ्याचं नाव छापून यावं तसं.

बरं, निदान आता तरी लेबलाचा काही अर्थ आहे का? २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी वेगवेगळ्या वाणांचे जनुकीय नमुने तपासले. पाकिटावर सांगितलेली सॅटिव्हा-इंडिकाची टक्केवारी आणि प्रत्यक्ष कूळ यांचा संबंध माफकच निघाला. कधी कधी एकाच नावाने विकली जाणारी दोन झाडं एकमेकांपेक्षा परक्या नावाच्या झाडाला जवळची होती. ‘सॅटिव्हा-प्रधान’ हे कुळाचं प्रमाणपत्र नाही. ती एक आठवण आहे, आणि आठवणींसारखीच ती थोडी बनावट आहे.

आटोपशीर

तिसरा शब्द सगळ्यात निरुपद्रवी वाटतो, आणि त्यातच सगळ्यात जास्त राजकारण आहे.

१९६० च्या दशकाअखेरीस आणि सत्तरच्या दशकात तरुण गोऱ्यांचे तांडे इस्तंबूल, काबूल, काठमांडू करत गोव्यापर्यंत येत होते. परत जाताना काहींच्या पिशवीत बिया असत. कॅलिफोर्नियात मेक्सिको, कोलंबिया, थायलंडचा माल आधीपासून येत होता, आणि त्या काळच्या मालात बिया सर्रास सापडत. सांता क्रूझच्या किनाऱ्यावर ‘हेझ’ नावाचं एक वाण तयार झालं. कोलंबिया, मेक्सिको, थायलंड आणि दक्षिण भारत अशी त्याची वंशावळ सांगितली जाते. उंच, सडसडीत, फुलायला अतोनात उशीर लावणारं.

१९७० च्या दशकाच्या मध्यापासून मेक्सिकोत अमेरिकेच्या मदतीने शेतांवर पॅराक्वाट या तणनाशकाची फवारणी सुरू झाली. विषारी मालाच्या भीतीने गिऱ्हाईक घरच्या मालाकडे वळलं, आणि उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत लागवड वाढली. १९८३ मध्ये तिथे सरकारी मोहीम सुरू झाली. हेलिकॉप्टरं डोंगरांवर घिरट्या घालू लागली. वरून बारा फुटी झाड लगेच दिसतं, झुडपाएवढं लपतं. लोक झाडं घरात, दिव्याखाली लावू लागले, आणि तिथे तर डोक्यावर छप्पर. झाडाचा आटोपशीर बांधा ही काही बागकामाची हौस नव्हती. त्या बुटकेपणात हेलिकॉप्टरचा मोठा हात आहे.

बुटकेपणा आणि घाई, दोन्ही गुण अफगाणी झाडाकडून घेतले गेले. हिंदुकुशच्या डोंगरात शरद लवकर संपतो, म्हणून तिथलं झाड आठेक आठवड्यांत आटपतं. पण त्याची फुलं गच्च असतात, कारण तिथली हवा कोरडी. हॉलंडच्या किंवा इंग्लंडच्या दमट शरदात त्याच गच्च फुलांत करडी बुरशी शिरते आणि कणीस आतून सडतं. दक्षिणेच्या झाडाचं फूल विरळ, वारा खेळणारं, कारण ते पावसाळ्याच्या देशातलं. त्यामुळे थंड दमट प्रदेशासाठी हवं होतं असं काहीतरी : अफगाणी घड्याळ, अफगाणी उंची, पण फुलाची ठेवण दक्षिणेची. पाकिटावरच्या तीन शब्दांचं कोडं इथे सुटतं. गंमत अशी की उत्तरेला दक्षिणेकडून जे हवं होतं त्यात फक्त नशा नव्हती. पावसात टिकून राहायची अक्कलही होती.

त्याच काळात जगाच्या शेतीत दुसरीकडेही हाच खेळ चालू होता. नॉर्मन बोरलॉगने मेक्सिकोत गव्हाच्या पिढ्या एका वर्षात दोन वेगवेगळ्या अक्षांशांवर वाढवल्या. जे रोप दोन्हीकडे पिकलं ते दिवसाच्या लांबीला न जुमानणारं होतं. त्यात जपानी बुटक्या गव्हाचं रक्त मिसळलं आणि हरितक्रांतीचं वाण तयार झालं. बुटकं आणि घड्याळ विसरलेलं. १९७० मध्ये बोरलॉगला नोबेल मिळालं. गांजाच्या पैदासकारांनी तळघरांत आणि काचघरांत तेच गणित सोडवलं, फक्त ते लपून सोडवलं. म्हणून त्यांच्या वह्या संग्रहालयात नाहीत, दंतकथांत आहेत.

या घाईचं पुढचं टोक रशियात आधीच नोंदलं गेलं होतं. १९२४ मध्ये यानिशेव्स्की या वनस्पतिशास्त्रज्ञाने व्होल्गाकाठच्या रानटी हेम्पला ‘रुडेरालिस’ असं नाव दिलं : पडीक जागेत उगवणारं. हे झाड दिवस मोजतच नाही, वय झालं की फुलतं. २००० नंतर कॅनडातून त्याच्या संकराची गुडघ्याएवढी वाणं बाजारात आली. घड्याळ दुरुस्त करायची गरजच संपली. ते काढूनच टाकलं.

१९८५

आता एक तारीख लक्षात ठेवा.

१९८० च्या दशकाच्या मध्याला नेव्हिल शॉनमेकर्स हा ऑस्ट्रेलियात वाढलेला माणूस हॉलंडमधून टपालाने गांजाच्या बिया विकत होता. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातली वाणं, ‘स्कंक’ हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं, हॉलंडला पोचली. डच कायद्याने १९७६ पासून गांजा आणि हेरॉइन यांत फरक केला होता. आणि बियांचं म्हणाल तर १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येत बिया येतच नाहीत. कारण उघड आहे : बीमध्ये नशा नसते. कागदाच्या पाकिटात बसणारी जागतिक कुळं आता दुकानात मिळू लागली.

याच काळात, १९८५ च्या नोव्हेंबरात, भारतात एनडीपीएस कायदा लागू झाला. १९६१ च्या करारात भारताने पंचवीस वर्षांची मुदत मागून घेतली होती. ती संपत आली होती. भांगेची पानं कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिली. गांजा, म्हणजे फुलोरा, आत गेला.

या कायद्यामागे जो इतिहास संपला तो थोडा सांगायला हवा. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने या विषयावर आयोग नेमला. त्याने देशभर फिरून १,१९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ च्या अहवालात बंदीची शिफारस केली नाही. परवाना आणि कर पुरे, असं म्हटलं. मुंबई इलाख्यात गांजाच्या शेतीसाठी त्या अहवालात ठळक नाव येतं ते अहमदनगर जिल्ह्याचं, मध्य प्रांतात खांडव्याचं, बंगालात राजशाहीतल्या नौगावचं.

नौगावच्या शेतीवर डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच सुमारास स्वतंत्र अहवाल लिहिला. त्यात एक माणूस भेटतो : परखदार. पारख करणारा. शेतात फुलोरा यायच्या आधी शेतकरी त्याला बोलवत. तो एकेक रोप बघत जाई आणि नर रोपं ओळखून ती काढून टाकायला लावी, म्हणजे मादीच्या फुलात बी धरू नये. रोपाचं लिंग फुलण्याआधी नजरेने ओळखणं ही त्याची विद्या. इंग्रज त्याला ‘गांजा डॉक्टर’ म्हणत. हेच तंत्र ऐंशी वर्षांनी कॅलिफोर्नियात ‘सिन्सेमिया’, म्हणजे बिनबियांचा, या स्पॅनिश नावाने महागडा माल म्हणून गाजलं, आणि ते अमेरिकन कल्पकतेचं उदाहरण ठरलं.

नौगावच्या शेतकऱ्यांनी १९१७ मध्ये सहकारी संस्था काढली होती. गांजाची, कायदेशीर, नोंदणीकृत. पुढे फाळणी झाली, मग बांगलादेश झाला, आणि १९८० च्या दशकात तिथेही लागवड बंद करण्यात आली.

म्हणजे बघा, एकाच दशकात दोन गोष्टी घडल्या. ज्या शेतकऱ्यांच्या पूर्वजांनी हे बियाणं शेकडो वर्षं निवडून आणलं, त्यांना ते पेरणं गुन्हा झालं. आणि त्याच बियाण्याची पोरंबाळं हजारो मैलांवर पाकिटात घालून, नाव देऊन विकायला निघाली. कोणी कट केला असं नाही. दोन वेगळी घड्याळं एकाच वेळी वाजली, एवढंच. पण त्याचा परिणाम कटासारखाच झाला. पाकिटावर पैदासकाराचं नाव आहे, जिंकलेल्या स्पर्धांची नावं आहेत. परखदाराचं नाव कुठेच नाही, आणि प्रेनच्या अहवालातही त्याला फक्त हुद्दा आहे.

परतीचा प्रवास

बियाणं एकदा निघालं की एकाच दिशेने जात नाही. मोरोक्कोच्या रिफ डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या एक गावरान वाण होतं. तिथले लोक त्याला ‘बेल्दिया’ म्हणतात. अर्थ आपल्या शब्दासारखाच : गावचं, इथलं. ते पावसाच्या पाण्यावर येतं. गेल्या दोन-तीन दशकांत युरोपातल्या संकरित बिया तिथे पोचल्या. ‘खरदाला’ हे त्यातलं सगळ्यात पसरलेलं वाण. उत्पन्न जास्त, माल कडक, पण ते भर उन्हाळ्यात वाढतं आणि पाणी मागतं. डोंगरात तळी खणली गेली, पंप बसले, आणि आधीच कोरड्या मुलखातलं भूजल आणखी खाली गेलं. २०२१ मध्ये मोरोक्कोने औषधी आणि औद्योगिक लागवडीला परवानगी देणारा कायदा केला, आणि त्यानंतर बेल्दियाला परवाना देऊन परत शेतात आणायचे प्रयत्न सुरू झाले.

मराठवाड्यातल्या वाचकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. पीक तेवढं बदला.

नगरच्या शेतातलं ते जुनं वाण आज कुणाच्या कणगीत नाही. कायद्याच्या भीतीने ज्याने बी ठेवलं नाही त्याला दोष कसा देणार? शहाण्या माणसाने तेच करायचं होतं. पण बियाण्याचं एक वैशिष्ट्य असतं. पुस्तक कपाटात पन्नास वर्षं पडून राहिलं तरी वाचता येतं. गावरान बी दर वर्षी, दोन वर्षांनी पेरावं लागतं, नाहीतर ते मरतं. बंदी उठली किंवा ढिली झाली तरी शेतकऱ्याला त्याचं जुनं झाड परत मिळत नाही. त्याला पाकीट मिळतं.

आणि त्या पाकिटावर लिहिलेलं असतं : सॅटिव्हा-प्रधान, आटोपशीर, थंड हवामानाला योग्य. नगरच्या उन्हात उभ्या असलेल्या माणसाला ते विकत घ्यायचं असेल तर त्याने आधी एवढंच विचारावं, की यातलं घड्याळ कुठल्या गावच्या दिवसाला लावलेलं आहे.